वैष्णवीवरून दिसलेली वेल

आडशेत बंदर, कोकण
१८ नोव्हेंबर

संघप्रिया,
जय भीम.

पहिलं हे सांगतो की मी चिडलेलो नाही. तू मला ब्लॉक केलंस आणि वरून धम्मशीलाजवळ निरोप ठेवलास, "तुझ्या दादाला म्हणावं बोलायचं असेल तर पोस्टानं बोल. शाई वाळेपर्यंत तरी डोकं थंड होईल." ठीक आहे. वाळवायलोय. एका रात्रीत चाळीस व्हॉइस मेसेज पाठवणं चूक होतं असं तू म्हणतेस. मी म्हणतो, त्यातले निदान दहा चांगले होते.

आता मुद्द्याचं. मी समुद्रात किलर व्हेल पाहिल्या.

हसू नको. तू आधीच एकदा हसलेली आहेस. प्रॅक्टिकलच्या परीक्षेत स्पॉटिंगला बरणीतला शार्क ठेवला होता आणि मी 'मरळ' लिहिलं. सरांनी माझा पेपर सगळ्या बॅचसमोर वाचला आणि तू, तू सुद्धा, तोंडाला रुमाल लावलास. औषधात पडून पडून त्या शार्कचं तोंड मरळीसारखंच झालं होतं, हे मी आजही म्हणतो. मी पेपर फेकला, "मेलेलं काय ओळखायला लावता, जिवंत दाखवा" म्हणालो आणि निघालो. गाव म्हणतं पोरानं कॉलेज सोडलं. मी म्हणतो, मी जिवंत बघायला आलो. तर बघ, समुद्रानं दाखवलं.

परवा सकाळी 'वैष्णवी' बाहेर काढली. वैष्णवी म्हणजे आमची होडी. पर्यटकांना डॉल्फिन दाखवायला नेते. लोकांना लाईफ जॅकेट घालायचं आणि डॉल्फिन दिसला की बोट दाखवून ओरडायचं, हे माझं काम. दीपगृहाच्या पल्याड गेलो आणि पाणी एकदम गप्प झालं. पाखरं बी उठून गेली. मग पाण्यातून एक पंख वर यायला लागला. वर आला, अजून वर आला, थांबेच ना. माझ्याएवढा उंच, काळा, सरळ. त्याच्यामागं अजून तीन, जरा बुटके, वाकलेले. सगळ्यांच्या पुढं जी होती तिनं कूस बदलली, तवा डोळ्याच्या मागं पांढरा पट्टा दिसला, बोटानं चुना ओढल्यासारखा. तिच्या कुशीला पिल्लू. आणि तिनं माझ्याकडं पाहिलं. वर्गात तू मागच्या बाकाकडं बघायचीस ना, हा अजून इथंच आहे का असं, अगदी तसंच.

पुरावा विचारशील. होडीवर चढायच्या आधी मालक आमचे फोन काढून घेतो. पुण्याच्या एका काकांनी व्हिडिओ घेतला, त्यात सुरुवातीपासून शेवटपर्यंत त्यांच्या बायकोची टोपी आहे. मालक बंदरावर बसलेला, तो म्हणाला, "गप रव, डॉल्फिन असतले."

तू मागं म्हणालीस, "पप्पांपुढं तुझं नाव कशाच्या जोरावर काढू? महिन्याला तुझं बोलणं बदलतं. कधी पोलीस भरती, कधी जेसीबी, कधी यूट्यूब." तर घे. हे बदलणार नाही. दुनियेनं विश्वास ठेवू नये, तू ठेव. पण लवकर ठेव, कारण धम्मशीला सांगायलीय की तुला मानवतचं स्थळ आलंय.

न चिडलेला,
सिद्धोधन

*

परभणी
२६ नोव्हेंबर

सिद्धोधन,
जय भीम.

तुझं पत्र पोस्टमनकाकांनी नेमकं पप्पांच्या हातात दिलं. पप्पांनी पाकिटावरचं अक्षर पाहिलं, पाकीट नाकाजवळ नेलं, "बोंबलाचा वास येतोय" म्हणाले आणि माझ्याकडं दिलं. उघडलं नाही. भूगोलाचे शिक्षक आहेत, दुसऱ्याच्या हद्दीत शिरत नाहीत.

स्थळाचं खरं आहे. मानवतला कापसाच्या जिनिंगमध्ये हिशोब बघतो, शांत आहे, आवाज चढवत नाही. आई तर त्याच्या आवाज न चढवण्यावरच भाळली आहे. पप्पांनी मला सरळ विचारलं, "तुझ्या मनात कोणी आहे का?" मी म्हणाले, "आहे, पण तो खरा आहे का थापाड्या, ते तपासायलेय." पप्पा म्हणाले, "डिसेंबर संपेपर्यंत तपास. त्यानंतर मी मानवतला शब्द देतो."

म्हणून मी आता तपासणार आहे. चिडू नको.

एक तर किलर व्हेल ही व्हेल नाहीच, ती डॉल्फिनच्याच कुळातली. म्हणजे तुझा मालक अर्धा बरोबर आहे. हे तुला माहीत नव्हतं, कारण तो धडा तू गेल्यानंतर झाला. दुसरं, आपल्या किनाऱ्यावर ती दिसत नाहीच असं नाही, पण क्वचित. इतकी क्वचित, की दिसली म्हणणाऱ्याकडं आधी संशयानंच बघतात. तेव्हा मला सांग, उंच पंखाच्या मागं पाठीवर काही रंग होता का? त्या एका ओळीत चालल्या होत्या की विखरून? आणि पिल्लाचे पट्टे कसे होते? आठवत नसेल तर 'आठवत नाही' लिही. स्पॉटिंगमध्ये कोरं सोडलं तर कोणी हसत नाही.

आणि रुमालाचं म्हणशील तर मला त्या दिवशी सर्दी होती.

संघप्रिया

*

आडशेत बंदर
४ डिसेंबर

संघप्रिया,
जय भीम.

डिसेंबर संपेपर्यंत तपास? मी काय मोंढ्यावर आणलेली तूर आहे, ओल किती अन् खडे किती बघायला? आणि तो आवाज चढवत नाही म्हणे. जिनिंगमध्ये बसतो, कानात सरकी गेली असेल.

हा परिच्छेद खोडणार होतो. पण पप्पांना खाडाखोड आवडत नाही असं तूच एकदा म्हणाली होतीस, म्हणून राहू दिला.

उत्तरं देतो. पंखाच्या मागं पाठीवर राखाडी डाग होता, बैलाच्या पाठीवर झूल सरकून बसावी तसा. ओळीत नव्हत्या, शेजारी शेजारी होत्या, बाया बाजारातून परततात तशा. आणि पिल्लाचे पट्टे पांढरे नव्हतेच. पिवळट, नारिंगीकडं झुकलेले, हळदीचा हात लागल्यासारखे. मला वाटलं पाण्यातली घाण चिकटली असेल. हे मी पहिल्या पत्रात लिहिलं नाही, कारण तू म्हणाली असतीस, बघा, थापेला रंग चढवायला लागला.

इकडं वेगळाच तमाशा सुरू झालाय. जो मालक मला गप रव म्हणाला त्यानंच बंदरावर पाटी लावलीय, 'किलर व्हेल सफर, हमखास दर्शन'. मी विचारलं, हमखास कसं? तर म्हणतो, "तूच बघितलंस मा? मग आता रोज बघ."

घरी मात्र आनंद आहे. मी आईला फोन केला. धक्क्यावर वारा लय होता, तिचं मला अर्धं अन् माझं तिला अर्धं, पण एवढी खूश झालेली मी तिला माझ्या दहावीच्या निकालाला बी पाहिलं नव्हतं. रडलीच. म्हणाली, "बाबा, जपून ऱ्हा, तिला बी जप." समुद्रातल्या जनावराची एवढी काळजी. आईचं मन आहे ते. तुझं बी तसंच असावं अशी अपेक्षा.

सिद्धोधन

*

परभणी
१२ डिसेंबर

श्री. सिद्धोधन यांस,
जय भीम.

आपल्या मातोश्री काल घरी येऊन गेल्या. सगळं कळलं. आनंद झाला.

लहान मुलाची जबाबदारी घ्यायला मोठं मन लागतं. ते आपल्याकडे आहे हे मला दोन वर्षांत दिसलं नाही, ही माझी नजरचूक.

२८ तारखेला मानवतचे पाहुणे येत आहेत. मी हो म्हणाले आहे. यापुढे पत्र पाठवण्याची तसदी घेऊ नये.

वैष्णवीताईंना जय भीम सांगावा. त्यांच्याकडे जय भीम म्हणत नसतील तर नमस्कार सांगावा.

संघप्रिया

*

ताडकळस
१३ डिसेंबर

(दादा, आई बोलायलीय, मी लिहायलेय. एक शब्द इकडचा तिकडं करू देईना. – धम्मशीला)

चि. सिद्धोधनास आईचा जय भीम.

बाबा, तुझा फोन आला तवापासून मला झोप न्हाई. वारं लय होतं, पर समजायचं ते समजलं. वेल दिसली म्हणलास. लेकराची वेल मांडवाला लागली की माय सुटली. कुठं दिसली इचारलं, तर तू म्हणलास वैष्णवी. नाव चांगलं हाय. मंग तूच म्हणलास, काळी हाय, लय मोठी हाय, आन् संगं लेकरू हाय.

मी आधी खाली बसले. मंग म्हणलं, सरजाबाई, ऊठ. काळी हाय तर असू दे, तू कुठला गोरा हाईस. मोठी म्हंजी वयानं का अंगानं, तेवढं कळीव. अंगानं असंल तर लुगडं नऊवारीच घेते. वयानं असंल तर मी तिला काय म्हणून हाक मारावी ते सांग. लेकराचं म्हणशील तर लेकराचा काय गुन्हा. झबलं धुऊन ठिवलंय.

डोळ्याच्या मागं पांढरं हाय म्हणलास. कोड असंल तर कोड काय लागट रोग न्हाई. आपल्या धुरपताबाईला हाय, तिचे दोन जावाई मास्तर हायेत.

तुझ्या आज्याला सांगितलं. मामंजी म्हणले, "जात इचारू नका, पयलं लगीन इचारू नका. लगीन बुद्धइहारात लागावं आन् पोरीनं घरात देव आणू नये. बाकी तिची मर्जी."

समदा दिस पाण्यातच असती म्हणलास. म्हंजी कोळ्याची दिसती. हितं नळाला आठ दिसाला पाणी येतंय, हे तिला आधीच सांगून ठिव, मागनं भांडण नको. आन् रोज शंभर किलो मासे खाती असं कायतरी ऐकू आलं. ते वाऱ्यानं आसंल.

ती परभणीची सरांची लेक तुझ्यापायी अडकून बसली होती. मी सोता जाऊन आले. सरांना सांगितलं, आमचं पोरगं मार्गी लागलं, तुमी तुमच्या लेकीचं बघा. पोरीनं चहा आणून दिला. त्यात साखर न्हवती.

(दादा, मला वाटतं तू व्हेल म्हणाला असशील. मी आईला तसं म्हणाले. ती म्हणाली, तू गप्प बस, तुला माणसं कळत न्हाईत. आणि खरं सांगू, तुझं काय सांगता येतं. – ध.)

तुझी आई,
सरजाबाई

*

आडशेत बंदर
२० डिसेंबर

संघप्रिया,

तसदी घ्यायलोय. आधी सोबतचं आईचं पत्र वाच, मग हे. वाचलंस? आता बस खाली.

वैष्णवी ही होडी आहे. लाकडाची. पहिल्या पत्रात लिहिलंय, काढून बघ. तू म्हणे परीक्षेत कधी प्रश्न अर्धा वाचत नाहीस. तुझं पत्र आलं तवा मी घरमालकीण राजेश्रीकाकूंच्या फोनवरून तुला फोन लावला. जय भीम म्हणायच्या आधी तू कट केलास, आणि काकूंचा नंबर बी ब्लॉक केलास. त्या बिचाऱ्या तुला ओळखत सुद्धा नाहीत.

ह्या सगळ्याचं मूळ आमचे आजोबा आहेत. मी फोनवर 'देवमासा' म्हणालो असतो तर आईला पहिल्या झटक्यात कळलं असतं. पण आमच्या घरात तो शब्द चालत नाही. बावीस प्रतिज्ञा घेतल्या तवापासून सिताराम आजोबांनी देव तोंडातून काढून टाकला, तो गावांच्या नावातून बी. एसटीत देवगाव फाट्याचं तिकीट ते 'गाव फाटा' म्हणून मागतात. कंडक्टर विचारतो, कोणतं गाव? तर म्हणतात, "तुला म्हाईत हाय ते." लहानपणी मी पुस्तकातला देवमासा मोठ्यानं वाचला तर म्हणाले, "नुसता मासा म्हण, तेवढ्यानं बुडत न्हाई तो." म्हणून मी व्हेल म्हणालो. आणि आपल्या तोंडात तो 'ह' कुठं टिकतो? आमी, तुमी, तसंच ते. इथून व्हेल निघाली, ताडकळसला वेल पोचली.

तू लिहिलंस की ती डॉल्फिनच्या कुळातली. म्हणजे देव नाही अन् मासा बी नाही. आजोबांना कळवलंय, त्यांना लय समाधान वाटेल.

दुसरं सांगायचं, मी काम सोडलं. म्हणजे मालकानं काढलं, पण मी सोडलं असं धर. नाताळची गर्दी सुरू झालीय. साधा डॉल्फिन दिसला तरी मी 'किलर, किलर' ओरडायचं, असा हुकूम. एक बाई लेकराला उचलून दाखवायली होती, "बघ, किलर व्हेल." लेकरू टाळ्या वाजवायला लागलं. मला राहवलं नाही. म्हणालो, "बाई, हा डॉल्फिन आहे. चांगला आहे, पण डॉल्फिन आहे. त्या एकदाच आल्या होत्या, परत कधी येतील मला ठाऊक नाही." होडी धक्क्याला लागली तवा मालक पाटीजवळच उभा होता, त्याच्या कानावर गेलं. म्हणाला, "तुका काय त्रास? लोकांका आनंद होता." मी पाटी उपटली. ती लय खोल पुरली नव्हती.

गंमत बघ. मी खरं सांगितलं तवा कोणी ऐकलं नाही, आणि खोट्याला रांग लागलीय.

२८ तारखेला मी येऊन गोंधळ घालणार नाही. घालणार होतो. तिकीट बी काढलं होतं, मग तुझं शेवटचं पत्र परत वाचलं आणि रद्द केलं. माणूस बरा असेल तर हो म्हण. मी मानवतचं नाव सुद्धा काढणार नाही, लांबच्या रस्त्यानं जाईन. फक्त मला एवढं कळव की मी पाहिलं, ह्यावर तुझा विश्वास बसला का. ह्याच्या पलीकडं आता माझं मागणं नाही. म्हणजे आहे, पण लिहीत नाही.

सिद्धोधन

*

परभणी
२९ डिसेंबर

सिद्धोधन,
जय भीम.

तुझं पाकीट परवा मिळालं. आईंचं पत्र मी स्वयंपाकघरात उभ्यानं वाचलं. शंभर किलो माशांपाशी बसले. मग पप्पांना वाचून दाखवलं, आणि त्यांनी मागितली म्हणून तुझी सगळी पत्रंही दिली, सरकीच्या परिच्छेदासकट. चहाच्या वाक्याला ते चष्म्यावरून माझ्याकडं बघत होते. साखर संपली होती, असं मी सांगितलं.

विश्वासाचं विचारतोस. तो ४ तारखेच्या पत्रालाच बसला होता. नवजात पिल्लाचे पट्टे पांढरे नसतात, तू लिहिलेस तसेच असतात. थापा मारणाऱ्यानं पांढरेच लिहिले असते. मी ते पुस्तकात परत परत पाहिलं, आणि तुला कळवायला बसणार तेवढ्यात तुझी आई सूनबाईची बातमी घेऊन दारात. म्हणून एवढा राग आला. माणूस जनावराबद्दल खरं बोलतो आणि माझ्याशी खोटं, असं वाटलं.

काल पाहुणे आले. त्याला नावं ठेवू नको, चांगला माणूस आहे. बोलायला म्हणून आम्हाला गच्चीवर पाठवलं. मी विचारलं, "कोणी तुम्हाला सांगितलं की त्यानं कोकणात किलर व्हेल पाहिली, तर तुम्ही काय म्हणाल?"

तो म्हणाला, "असंल पाहिली."

"आणि खोटं असलं तर?"

"असंल खोटं. आपल्याला काय करायचंय?"

सिद्धोधन, त्या 'आपल्याला काय करायचंय'सोबत मला जन्म काढता येणार नाही. त्यापेक्षा चाळीस व्हॉइस मेसेज परवडले.

खाली येऊन मी पप्पांना नाही म्हणाले. आई आत निघून गेली. पप्पा जेवताना भाकरीचा तुकडा हातात घेऊन बसून राहिले. तुला माहीत नसेल, मलाही कालच कळलं, की पप्पांनी समुद्र पाहिलेला नाही. इतकी वर्षं नकाशावर पट्टी ठेवून पोरांना सांगतात, पश्चिमेला अरबी समुद्र. स्वतः सोलापूरच्या पुढं गेले नाहीत.

शेवटी म्हणाले, "तो लिहितो पाणी गप्प झालं होतं. मग ती श्वास सोडताना आवाज कसा आला?"

मी पुस्तक आणून चाळलं. पुस्तकात लांबी आहे, वजन आहे, दात आहेत. आवाज नाही.

"मग ज्यानं ऐकलाय त्याला विचार."

मी म्हणाले, "प्रश्न तुमचा आहे. तुम्हाला लिहायला सांगते."

ते नको म्हणाले नाहीत. तेव्हा त्यांना लिही. मला नको, त्यांना. आणि जूनमध्ये तू पुन्हा दुसऱ्या वर्षाला बसतोयस. हे मी विचारत नाहीये, सांगायलेय.

राजेश्रीकाकूंना अनब्लॉक केलंय. तुला अजून नाही.

संघप्रिया

*

आडशेत बंदर
५ जानेवारी

आदरणीय धम्मदीप सर,
सप्रेम जय भीम.

मी ताडकळसचा सिद्धोधन. आपण माझी पत्रं वाचली असं कळलं. सरकीबद्दल माफी असावी.

आपल्या प्रश्नाचं उत्तर लिहायला बसलो आणि कागद वाया जायला लागले. आधी 'फुस्स' लिहिलं. वाचून पाहिलं तर सायकल पंक्चर झाल्यासारखं वाटतं. मग 'हुप्प' लिहिलं, ते वानर झालं. स्टँडवर एसटी थांबताना ब्रेकची हवा सोडते, खरा आवाज त्याच्या जवळचा आहे. पण एसटीच्या आवाजात ऊब नसते, ह्यात होती. पहिला एक दणका येतो, आपण दचकतो. मग लांब, जाड श्वास, एखादी दमलेली बाई डोक्यावरचं ओझं उतरवून सोडते तसा. तो संपायच्या आत तिच्या कुशीतून पिल्लाचा छोटा श्वास येतो. घाईत, मोठ्यांचं बघून केल्यासारखा.

काल खोलीत तोंडानं करून पाहिला. दोनदा फसला, मग जरा जमला. तेवढ्यात घरमालकीण राजेश्रीकाकू वाफारा घ्यायला गरम पाणी घेऊन आल्या आणि दमा असताना समुद्रावर कशाला राहतोस म्हणून रागावल्या.

सर, अक्षरात तो येत नाही. मी ह्या महिन्याच्या शेवटच्या शनिवारी परभणीला उतरतो. आपली परवानगी असेल तर घरी येऊन करून दाखवतो. अंगणात केलेला बरा, आवाज मोठा आहे. शेजाऱ्यांना आधी सांगून ठेवावं.

एकच अडचण आहे. आईचा श्वास मी करतो, पण पिल्लाचा लगेच मागोमाग यावा लागतो, तो एकट्या माणसाला जमत नाही. दुसरं कोणीतरी शेजारी उभं लागतं. त्यासाठी संघप्रियाची तयारी आहे का, हे आपण तिला विचारून ठेवलंत तर बरं होईल.

आपला,
सिद्धोधन